आकडे बदलायची काठी

दुकानामागे, बर्फ ढकलायच्या फावड्याशेजारी
एक लांब काठी असते. टोकाला रबरी वाटी.
तिनंच मी खांबावरचे आकडे उतरवते, चढवते,
गेली एकोणीस वर्षं.
शेवटचा तो नखाएवढा नऊ-दशांश सेंट
पत्र्यावर रंगवलेलाच आहे.
त्याला कधी हात लावावा लागला नाही,
त्याच्याबद्दल कधी कुणी भांडलंही नाही.

परवा राजधानीतून बातमी आली:
गॅलनमागे दहा सेंट कर. अजून नुसता प्रस्ताव.
पण लोक आजच माझ्याकडे असे बघतात
जणू काठी मीच उगारलीय.

तोइवोनं हातमोजे न काढताच
काउंटरवर वीस डॉलर आपटले.
"घे, सगळेच घे.
उद्या खोकल्यावरही कर बसवतील."
आणि नेमका खोकला. आम्ही दोघं हसलो.
मग त्यानं परत दिलेली चिल्लर मोजली.
आधी कधी मोजायचा नाही.

शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंची गाडी विजेवर चालते.
त्या फक्त दूध घ्यायला येतात,
आणि हल्ली दूध घेऊन फार पटकन जातात.

शार्मेन आली तेव्हा अंधार पडला होता.
अंगात अजून नर्सचा निळा सदरा.
पाच म्हातारी माणसं, पाच गावं, रोज नव्वद मैल.
कंपनी मैल मोजते
पहिल्या पेशंटच्या दारापासून शेवटच्याच्या दारापर्यंत,
तिचं स्वतःचं दार त्या हिशेबात कुठंच नाही.
ती काही बोलली नाही. पावतीच्या पाठीवर
बेरीज-वजाबाकी केली, आणि पावती इथंच विसरली.
मी वाचली. वाचायला नको होती.
तळाशी लिहिलं होतं:
मिसेस नुर्मी, आठवड्यातून दोनदाच?

गुरुवारी शाळेच्या जिममध्ये सुनावणी.
माणशी तीन मिनिटं,
घड्याळ म्हणून बास्केटबॉलचा बोर्ड.
राजधानीचे साहेब बसले ते बरोबर
'पाहुणे' या अक्षरांखाली. मागून कुणीतरी फिसकन हसलं.

लाकडाच्या ट्रकवाल्यांनी रस्ते उखडले, त्यांनी भरावं.
ट्रकवाले म्हणाले, तुमची घरं कशाची आहेत?
कुणी म्हणालं, शहरात सहापदरी होतील आमच्या पैशावर.
एक बाई नुसती रडली, पूर्ण तीन मिनिटं,
भोंगा वाजल्यावर थँक यू म्हणून बसली.

मग लिअँडर उठला. स्कूल बस चालवतो.
टोपी हातात, मान खाली.
"ऑटर ओढ्याच्या पुलावर वजनाची पाटी लागलीय.
म्हणून मी अलीकडे बस थांबवतो.
सव्वीस पोरं उतरतात, चालत पूल ओलांडतात.
मागून मी रिकामी बस नेतो. मग पुन्हा चढतात.
जानेवारीतसुद्धा.
माझाही विरोधच आहे हो, माझा ट्रक काय पाण्यावर चालतो?
मी फक्त काय करतो ते सांगायला आलो."

बसला. बोर्डवर एक मिनिट चाळीस सेकंद उरले होते.
ते तसेच पळत राहिले.
शून्यावर भोंगा वाजला, रिकाम्या माइकवर.

"ते पैसे त्याच पुलावर येतील," तोइवो ओरडला,
"हे लिहून कोण देतंय?"
साहेबांनी काहीतरी लिहिलं. काय, ते दिसलं नाही.

माझ्याही खिशात चिठ्ठी होती, क्रमांक एकतीस.
अठ्ठाविसाव्याला सभा संपली.
बरं झालं. मी काय म्हणणार होते
ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

सकाळी काठी घेऊन बाहेर गेले.
भाव तोच होता. नुसतं आकड्यांवरचं हिव खरवडलं.
बस गेली. डोकी मोजायचा प्रयत्न केला,
पण काचांवर वाफ होती.

आठच्या सुमाराला शार्मेन. वीसचं भरलं.
पावती देऊ? मी विचारलं.
नको, म्हणाली.